सोसायटी म्हणजे कुठली? एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि तो वापरायची रीत

"सोसायटीत तांदूळ आलेत काय?" "सोसायटीचं कर्ज भरलं काय?" "थोरला पुण्यात सोसायटीत राहतो." "धाकटीला सोसायटीच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली." बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरात ही चारही वाक्यं एका दिवसात कानावर पडतात आणि चारही वेळा सोसायटी वेगळी असते. पहिली रेशनचं दुकान, दुसरी गावची कृषी पतसंस्था, तिसरी फ्लॅटची इमारत, चौथी शिक्षणसंस्था. बोलताना कुणाचं काही अडत नाही, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. इंग्रजीत अर्ज, निबंध किंवा बायोडेटा लिहायला बसलं की अडतं. या शब्दाचा इंग्रजीतला मुख्य अर्थ, म्हणजे एकत्र राहणाऱ्या माणसांचा समाज, आपल्या बोलण्यातल्या 'सोसायटी'त येतच नाही. त्याला आपण समाजच म्हणतो. शिवाय आपल्या 'समाज' या शब्दाचे अर्थही एकापेक्षा जास्त आहेत.

त्यामुळे इंग्रजी शब्द आठवण्याआधी मराठी वाक्य पुरं करा आणि स्वतःला विचारा, 'समाज कुठला? सोसायटी कुठली?' पुढची सगळी निवड या उत्तरावर ठरते.

'समाज' लिहिताना: सोसायटी की कम्युनिटी

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

'समाज बदलतो आहे', 'समाजात स्त्रियांचं स्थान', 'समाजाने त्याला स्वीकारलं नाही' या वाक्यांत 'कुठला समाज?' असं विचारलं तर एक नाव सांगता येत नाही. सगळेच, आपण ज्यांच्यात राहतो ते लोक. इथे इंग्रजीत सोसायटी.

'मराठा समाज', 'जैन समाज', 'आमच्या समाजाचं वधू-वर संमेलन', 'समाजबांधव' इथे विचारलं की लगेच नाव येतं. जातीचं, धर्माचं, भाषेचं किंवा धंद्याचं. इथे इंग्रजीत कम्युनिटी. 'मराठा सोसायटी' लिहिलं तर परगावच्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठा नावाची एखादी नोंदणीकृत संस्था येते. निवेदनात 'मराठी सोसायटी ऑफ बेळगावी' लिहिलं तर तेच होतं. लिहिणाऱ्याला सीमाभागातले लाखो मराठी भाषिक म्हणायचे असतात आणि वाचणाऱ्याला ती वाचनालयासारखी एक संस्था वाटते. तिथे 'मराठी-स्पीकिंग कम्युनिटी' लिहा. अर्ज सरकारी असेल आणि भाषेच्या हक्काबद्दल असेल तर त्याहून नेमका शब्द आहे, 'लिंग्विस्टिक मायनॉरिटी', म्हणजे भाषिक अल्पसंख्याक. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय आणि ३५०-ब मध्ये विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे, ती याच शब्दांत. जो शब्द कायद्यात आहे तोच अर्जात असला की वाचणाऱ्याला अर्थ लावत बसावं लागत नाही.

तिसरा समाज म्हणजे संस्थेच्या नावातला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याआधी १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. गोखल्यांची १९०५ ची संस्था मराठीत भारत सेवक समाज आणि इंग्रजीत 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी'. इथला समाज म्हणजे एका उद्देशाने जमलेल्या सभासदांची संघटना, म्हणून भाषांतर करताना सोसायटी चालते. तरी प्रार्थना समाजासारखं रूढ नाव इंग्रजीतही जसंच्या तसं ठेवतात. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या नावातही सोसायटी शब्द होता, तो याच अर्थाने.

आता तिन्ही एकत्र आलेलं वाक्य बघू. अशी वाक्यं बातमीत आणि अहवालात सर्रास येतात: 'समाजाच्या भल्यासाठी समाजातील तरुणांनी समाजसेवेकडे वळावे, असे आवाहन सोसायटीच्या वार्षिक सभेत करण्यात आले.' मागून सुरुवात करा. सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे नाव असलेली संस्था: 'द सोसायटीज ॲन्युअल जनरल मीटिंग'. समाजसेवा: 'सोशल सर्व्हिस'. समाजातील तरुण म्हणजे सभा ज्यांची आहे त्या लोकांतले तरुण: 'यंग पीपल ऑफ द कम्युनिटी'. उरला पहिला समाज, आणि तो अवघड आहे. भलं सगळ्यांचं की त्या एका समाजाचं? वाक्य वाचून ते कळत नाही, बोलणाऱ्यालाच विचारावं लागतं. सगळ्यांचं असेल तर 'फॉर द गुड ऑफ सोसायटी', त्या समाजाचं असेल तर 'फॉर द गुड ऑफ द कम्युनिटी'. अंदाजाने एक निवडून पुढे जाऊ नका. भाषांतरात चुकलेला अर्थ बोलणाऱ्याच्या नावावर छापला जातो.

'द' कधी लावायचा

मराठीत 'द' नाही, म्हणून तो कानाला सापडत नाही. शाळेत शिकलेलं असतं की जगात एकच असलेल्या गोष्टीला 'द' लागतो, जसा सूर्याला. समाजही एकच वाटतो आणि मुलं 'द सोसायटी इज चेंजिंग' लिहितात. इंग्रजीत सर्वसाधारण समाज हा शब्द पाण्यासारखा, हवेसारखा चालतो. त्याला 'अ' नको आणि 'द'ही नको. 'सोसायटी इज चेंजिंग', 'विमेन इन सोसायटी', 'इंडियन सोसायटी'. 'इन द टुडेज सोसायटी' तर दुहेरी चूक आहे. 'टुडेज' आलं की 'द' जातो: 'इन टुडेज सोसायटी'. इंग्रजीच्या पेपरातल्या निबंधात ही एकच चूक पानभर दहा वेळा येते, म्हणून लिहून झाल्यावर फक्त 'सोसायटी' शब्दांवरून एकदा बोट फिरवा.

समाजाचा एक प्रकार सांगताना 'अ' लागतो. आपला भाग मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारा आहे असं लिहायचं तर 'अ मल्टिलिंग्वल सोसायटी'. 'द' लागतो तो नाव सांगता येईल अशा संस्थेला. 'सोसायटीने ठराव केला.' कुठल्या? येळ्ळूरच्या. मग 'द सोसायटी पास्ड अ रेझोल्यूशन'.

कम्युनिटीचं नेमकं उलट आहे. नाव घेतलेल्या कम्युनिटीला 'द' लागतो: 'द जैन कम्युनिटी', 'द फार्मिंग कम्युनिटी'. दोन्ही शब्द एका वाक्यात आले तर एकाला 'द' राहतो आणि दुसऱ्याचा जातो.

गावची सोसायटी आणि तिची कन्नड पाटी

या भागात सोसायटी शब्द मुळापर्यंत रुजला त्याला कारण आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाल्यावर त्याखालची देशातली पहिली सोसायटी म्हणून जिचं नाव घेतात ती १९०५ मध्ये कणगिनहाळला निघाली. गाव आज गदग जिल्ह्यात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात होतं. म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही.

आज गावच्या सोसायटीची पाटी कन्नडमध्ये असते. ती अक्षरं देवनागरीत लिहिली तर अशी होतात: 'प्राथमिक कृषी पत्तिन सहकारी संघ नियमित'. यावरूनच लोक तिला पीकेपीएस म्हणतात. इंग्रजीत तीच संस्था पॅक्स (प्रायमरी ॲग्रिकल्चरल क्रेडिट सोसायटी), आणि महाराष्ट्रात गेलात तर विविध कार्यकारी सेवा सोसायटी, थोडक्यात विकास सोसायटी. पाटी मराठी डोळ्यांनी वाचली की दोन ठिकाणी फसायला होतं, म्हणून एकेक शब्द बघा.

'पत्तिन' म्हणजे क्रेडिटचा, आपल्या पतसंस्थेतली 'पत' तीच. 'संघ' इथे फसवतो. मराठीत सहकारातला संघ म्हणजे अनेक संस्थांची मोठी संस्था, जसा जिल्ह्याचा दूध संघ. कन्नडमध्ये संघ म्हणजे गावातली एक सोसायटी. आपण ज्याला जिल्हा दूध संघ म्हणू त्याला कन्नडमध्ये 'ओक्कूट' म्हणतात आणि राज्यपातळीवर 'महामंडळी'. तेव्हा कन्नड कागदातल्या संघाचं इंग्रजी 'युनियन' करू नका, 'सोसायटी' करा. शेवटचा शब्द 'नियमित'. मराठीत त्याचा अर्थ नेमाने होणारं. कन्नड पाटीवर त्याचा अर्थ 'लिमिटेड', आपलं 'मर्यादित'. पावतीवर तो नुसता 'नि.' असा येतो. भाषांतरात 'रेग्युलर सोसायटी' लिहिलं तर कागदच हास्यास्पद होतो.

संघाचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्रातल्या बचत गटाला कर्नाटकात 'स्त्री शक्ती स्वसहाय संघ' म्हणतात. इथे मात्र इंग्रजीत सोसायटी नको. 'सेल्फ-हेल्प ग्रुप' लिहा, कारण सोसायटी म्हटलं की वाचणारा नोंदणी क्रमांक विचारतो.

समुदाय शब्द त्या मानाने सरळ आहे, तो दोन्ही भाषांत कम्युनिटीच. पाटीवरचं 'समुदाय भवन' म्हणजे कम्युनिटी हॉल. 'समुदाय आरोग्य केंद्र' म्हणजे कम्युनिटी हेल्थ सेंटर, ज्याला चंदगड-गडहिंग्लजकडे ग्रामीण रुग्णालय म्हणतील.

रेशनच्या दुकानाला सोसायटी म्हणणं आपल्यात आणि कन्नड बोलणाऱ्यांतही आहे, कारण खूप गावांत ते दुकान सोसायटीच चालवते. इंग्रजी तक्रारीत मात्र 'फेअर प्राइस शॉप' लिहा. कन्नडमध्ये 'न्यायबेले अंगडी'. धान्य न मिळाल्याच्या अर्जात 'सोसायटी' लिहिलं तर अर्ज अन्न खात्याऐवजी सहकार खात्याच्या टेबलावर जाऊ शकतो.

कागदावर संस्थेचं नाव कसं उतरवायचं

नोंदणीकृत नावाचं भाषांतर स्वतः करू नये. इंग्रजी अर्जात संस्थेचं नाव लिहायचं असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, शिक्का किंवा पासबुक समोर घ्या आणि तिथे जे इंग्रजी नाव छापलं आहे ते अक्षरशः उतरवा. कुणी 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड' असं नोंदवलेलं असतं, कुणी 'सहकारी संघ नियमित' हेच रोमन अक्षरांत. दोन्ही बरोबर आहेत, पण एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं आलं की कर्जाच्या किंवा वारसाच्या कामात नाव जुळत नाही आणि शपथपत्र करावं लागतं. संस्थेचं फक्त कन्नड नाव असेल तर उच्चार रोमन अक्षरांत लिहा आणि अर्थ पुढच्या वाक्यात द्या.

नावाखाली कायदा छापलेला असतो, तोही वाचा. त्यावरून ही कुठल्या प्रकारची सोसायटी आहे ते कळतं. १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा म्हणजे पीकेपीएस, दूध सोसायटी, पतसंस्था. १९९७ चा सौहार्द कायदा (हाही कर्नाटकातल्या सहकारी संस्थांचाच) असेल तर नावात सौहार्द येतो. २००२ चा बहुराज्य कायदा म्हणजे मल्टिस्टेट. निपाणी आणि कोल्हापूर दोन्हीकडचे सभासद घ्यायचे तर हाच लागतो आणि नोंदणी केंद्रीय निबंधकाकडे होते. १९६० चा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा असेल तर ती सहकारी संस्था नव्हेच. तो शिक्षणसंस्था, क्रीडा मंडळ, वाचनालय, धर्मादाय काम यांच्यासाठी आहे. सात जणांनी घटना आणि नियमावली देऊन नोंदता येते आणि नफा सभासदांत वाटता येत नाही. १९१६ मध्ये बेळगावात सुरू झालेल्या केएलई सोसायटीच्या नावातली सोसायटी ही अशी शिक्षण चालवणारी, कर्ज देणारी नव्हे. एखाद्या जुन्या संस्थेची नोंद १९५६ च्या आधीची असेल तर कायदा मुंबईचा दिसू शकतो. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे ती छपाईची चूक समजू नका.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगावीशी वाटते, कारण ती शब्दापुरती राहत नाही. पाटीवर 'सोसायटी' आहे की 'बँक', हा फरक ठेवीच्या पैशांचा आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, सहकारी बँकेतही. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या क्रेडिट सोसायटीला, सौहार्दला किंवा मल्टिस्टेटला हे संरक्षण नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा सोसायट्यांना नावात 'बँक' वापरायलाही मनाई आहे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. काउंटरवरचा माणूस बोलताना 'आपली बँक' म्हणत असेल, पण पावतीवर काय छापलंय ते वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा.

राहायची सोसायटी

फ्लॅटच्या इमारतीला सोसायटी म्हणणं मुंबई-पुण्याकडचं. तिथे इमारतीतले फ्लॅटमालक मिळून महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली गृहनिर्माण सोसायटी करतात. कर्नाटकात फ्लॅटमालकांची बहुधा 'असोसिएशन' असते, म्हणून बेंगळुरूत नोकरीला गेलेल्या मुलाने 'आय लिव्ह इन अ सोसायटी' म्हटलं तर ऐकणारा दोन क्षण थांबतो. तिथे 'अपार्टमेंट' किंवा 'लेआउट' म्हणा. कर्नाटकात 'हाउस बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी' असते, पण तिचं काम जमीन घेऊन लेआउट पाडणं आणि सभासदांना प्लॉट देणं हे आहे. भारताबाहेर तर हे वाक्य 'मी समाजात राहतो' असंच ऐकू येतं. इंग्लंडमध्ये 'बिल्डिंग सोसायटी' म्हणजे घरकर्ज आणि बचतीची संस्था, तिचा तुमच्या इमारतीशी संबंध नाही.

खरेदीच्या ॲपवर पत्त्यात 'सोसायटीचं नाव' असा रकाना येतो. तुमचं घर गणपत गल्लीत किंवा अनगोळात स्वतंत्र असेल तर तिथे गल्लीचं नाव लिहा. रकाना अडवत असेल तर घर नंबर पुन्हा लिहा. गावच्या सोसायटीचं नाव घालू नका, नाहीतर पार्सल तिथेच जाऊन पडेल.

सोसायटीचे नातेवाईक

'सोशल' हे विशेषण रोजचं. 'सोसायटल' जड आहे आणि अभ्यासाच्या लिखाणात शोभतं, अर्जात नको. 'सोशिएबल' म्हणजे मनमिळाऊ. पोरगी 'फार सोशल आहे' असं आपण म्हणतो तिथे इंग्रजीत हा शब्द हवा. 'सोशलिस्ट' समाजवादी आणि 'सोशिऑलॉजिस्ट' समाजशास्त्रज्ञ, यांची अदलाबदल फार होते. 'अँटिसोशल' समाजविघातक. लोकांत न मिसळणाऱ्या अबोल मुलाला शाळेच्या अहवालात हा शब्द लावू नका. 'रिझर्व्हड' पुरे. 'हाय सोसायटी' म्हणजे श्रीमंत, प्रतिष्ठित वर्तुळ. तिचा उंच इमारतीशी काही संबंध नाही. 'सिव्हिल सोसायटी' म्हणजे सरकार आणि बाजार सोडून नागरिकांच्या संघटनांचं जग. जुन्या इंग्रजी कादंबरीत 'आय एन्जॉय हिज सोसायटी' भेटलं तर तिथे अर्थ संगत. शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'सोशियस', म्हणजे सोबती, आहे. संगत या अर्थाने आज हा शब्द कुणी वापरत नाही.

बायोडेटात सावध राहायचा शब्द 'सोशल वर्कर'. आपल्याकडे गावच्या कामात धावणाऱ्या प्रत्येकाला समाजसेवक म्हणतात आणि ते योग्यच आहे. परदेशी अर्जात मात्र 'सोशल वर्कर' म्हणजे त्या विषयाची पदवी घेतलेला पगारी माणूस, आणि पदवीचा कागद मागतात. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलं नसेल तर 'कम्युनिटी व्हॉलंटिअर' लिहा आणि काय केलं ते सांगा: पूर आला तेव्हा किती दिवस, कुठल्या गावात, कुठलं काम. गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष असाल तर 'मंडळ' हाच शब्द रोमन अक्षरांत ठेवा.

उच्चार आणि स्पेलिंग

आपण 'सो'वर जोर देतो. इंग्रजीत जोर 'साय'वर येतो आणि आधीचा 'सो' दबून जवळजवळ 'स' होतो: स-साय-अ-टी. फोनवरच्या मुलाखतीत एवढं केलं तरी समोरचा पुन्हा विचारत नाही.

स्पेलिंग एस, ओ, सी, आय, ई, टी, वाय. मधला 'ई' दबून 'अ' ऐकू येतो म्हणून गळतो. 'आय'च्या मागोमाग 'ई' आहे हे हाताला पाठ करून ठेवा. अनेकवचनात 'वाय' जाऊन 'आय-ई-एस' येतं. अवघड जागा षष्ठीची, कारण 'सोसायटीज' हा उच्चार तीन वेगळ्या स्पेलिंगना सारखाच आहे. एका सोसायटीचा ठराव असेल तर 'वाय' तसाच ठेवून वर स्वल्पविराम आणि मग 'एस'. नुसत्या अनेक सोसायट्या असतील तर 'आय-ई-एस' आणि वर काही नाही, जसं १९५९ च्या कायद्याच्या नावात आहे. अनेक सोसायट्यांची मिळून एक मागणी असेल तर 'आय-ई-एस' लिहून शेवटच्या 'एस'नंतर वर स्वल्पविराम.